मुलाच्या हातावर गाठ दिसली तर: काय पाहायचं, कुठे दाखवायचं, काय करायचं नाही

लहान मुलांच्या दंडावर, मनगटावर, बोटांवर येणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. हे आधीच सांगतो, कारण आंघोळ घालताना हाताला गाठ लागली की आई-वडिलांच्या मनात पहिला विचार तोच येतो आणि मग घाई होते. कुणी "कापूनच टाका" म्हणत जवळच्या दवाखान्यात धावतं, तर कुणी शेजारणीच्या सांगण्यावरून चुना-गूळ बांधतं, बिब्बा लावतं, तेलानं चोळतं. सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत दोन्ही प्रकार आजही होतात. माझं मत स्पष्ट आहे: मुलांच्या साध्या गाठींचं जे पुढे बिघडतं, ते बहुतेक वेळा चोळण्यानं, पिळण्यानं आणि न तपासता कापण्यानं बिघडतं. घाई करायची ती थोड्या ठराविक खुणा दिसल्या तरच. त्या खुणा पुढे सांगितल्या आहेत.

पहिली पायरी: दाबणं थांबवा, नोंद सुरू करा

घरात गाठ सापडली की आजी, मामा, शेजारी सगळे एकेकदा दाबून पाहतात. त्यानं गाठ सुजते, मूल घाबरतं आणि डॉक्टरांनाही हात लावू देत नाही. एकदा नीट तपासा आणि मग हात लावू नका.

शाळेची पट्टी गाठीशेजारी धरून मोबाईलवर दोन फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूनं. तारीख फोटोत आपोआप राहते. मग दुसऱ्या हाताची तीच जागा पाहा. मनगटाच्या बाहेरच्या बाजूचं हाड सगळ्यांनाच थोडं वर आलेलं असतं. हडकुळ्या मुलात ते पहिल्यांदा लक्षात आलं की गाठ वाटतं. दोन्ही बाजूंना सारखंच असेल तर बहुतेक वेळा तो हाडाचा नेहमीचा आकार असतो.

त्यानंतर या गोष्टी लिहून ठेवा. गाठ केव्हा दिसली, वाढली का, किती दिवसांत वाढली. वरची कातडी गाठीवरून सरकते की चिकटलेली आहे. बोट वाकवल्यावर गाठ हलते का. हात खाली लोंबकळत ठेवला किंवा मूल रडलं की ती फुगते का, आणि हात वर केला की ओसरते का. मागच्या दोन-तीन महिन्यांत पडणं, काटा रुतणं, मांजरीनं ओरबाडणं, लस, ताप यातलं काही झालं होतं का. दुखतं का, हे मुलाला घरी बोलतो त्या भाषेत विचारा. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड चालतं. दवाखान्यात मराठीत "नाही" म्हणणारं मूल घरच्या भाषेत "रात्री दुखतं" असं सांगू शकतं.

अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च गाठीच्या एका बाजूला टेकवून पाहता येतं. आत स्वच्छ द्रव असेल तर गाठ लालसर उजळते, भरीव असेल तर उजळत नाही. पण या टॉर्चवर निदान ठरत नाही. ती फक्त डॉक्टरांना सांगायची एक माहिती.

दुसरी पायरी: जागा पाहा, कारण जागेवरून अर्धं निदान होतं

मनगटावर, विशेषतः मागच्या बाजूला, गोल, तुळतुळीत, कधी घट्ट तर कधी मऊ लागणारी गाठ ही बहुतेक वेळा गँगलियन असते. सांध्याच्या किंवा कंडरेच्या आवरणातून बाहेर आलेली, आत चिकट द्रव असलेली ही पिशवी. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या ज्या दोरीला आपण बोलताना शीर म्हणतो, ती कंडरा. गँगलियन लहान-मोठी होत राहते, आज दिसते, महिन्याभरानं दिसत नाही. लहान मुलांत ती पुष्कळदा आपोआप जिरते, म्हणून दुखत नसेल आणि हात नीट चालत असेल तर वाट पाहणं हाच पहिला उपचार. जाड पुस्तक आपटून ती फोडायची जुनी पद्धत मुलांवर अजिबात करू नका. मनगटाची छोटी हाडं आणि शेजारच्या हाडांची वाढीची टोकं दुखावतात, आणि गाठ परत येते ती येतेच. सुईनं द्रव काढल्यावरही ती बऱ्याचदा परत भरते. शस्त्रक्रियेनंतरही परत येऊ शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

अंगठ्याच्या मुळाशी तळहाताच्या बाजूनं छोटी टणक गाठ असेल आणि अंगठ्याचं टोक वाकलेलंच राहत असेल तर तो ट्रिगर थंब. एक ते तीन वर्षांच्या मुलांत तो लक्षात येतो आणि जवळपास प्रत्येक घर "पाळण्यात हात अडकला असेल, हाड सरकलं असेल" असं समजतं. हाड जागेवरच असतं. अंगठा वाकवणारी कंडरा एका जागी जाड होते आणि तिच्या आवरणात अडकते, नाडीला पडलेली गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडकावी तशी. ओढून, चोळून, हाड बसवणाऱ्याकडून झटका देऊन ती सुटत नाही. काही मुलांत काळाबरोबर आपोआप सुटते, म्हणून डॉक्टर काही महिने, कधी वर्षभर किंवा जास्त थांबतात. नाही सुटली तर छोटी शस्त्रक्रिया असते, तिचा निकाल फार चांगला असतो आणि मूल बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येतं.

बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूनं, मसुरीएवढा अगदी टणक दाणा ही कंडरेच्या आवरणावरची छोटी पिशवी असते. बॅट किंवा सायकलचं हँडल धरताना टोचते, बाकी त्रास नाही. बोटाचं हाडच जाड झालेलं दिसत असेल तर एनकॉन्ड्रोमाचा, म्हणजे हाडाच्या आत वाढलेल्या कूर्चेच्या गाठीचा, विचार करावा लागतो. ती गाठ सौम्य असते, पण हाड पोखरल्यानं किरकोळ धक्क्यानं मोडतं आणि अनेकदा तेव्हाच ती एक्स-रेत सापडते. तान्ह्या किंवा दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या बोटाच्या बाजूला गुलाबीसर, घट्ट उंचवटा आला तर तो बालवयातला फायब्रोमा असू शकतो. तो कापला तर पुन्हा येण्याची सवय त्याला आहे, आणि न कापता विरण्याचीही. इथे घाईची सुरी सगळ्यात महाग पडते.

चामखीळ सगळ्यांना ओळखू येते. ती विषाणूमुळे होते आणि बहुतेक मुलांत दोनेक वर्षांत आपोआप जाते. सॅलिसिलिक ॲसिडचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं लावता येतं. केसानं बांधणं, ब्लेडनं कापणं यानं ती पसरते. चटकन वाढणारा, लालभडक, जरा लागला की भळाभळा रक्त येणारा दाणा वेगळा. स्वच्छ कापडानं सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधे उघडून पाहू नका, आणि मग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

एखादं अख्खं बोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं असेल, फारसं लाल नसेल, फारसं दुखत नसेल, तर क्षयरोग डोक्यात ठेवावा लागतो. बोटांच्या हाडांचा क्षय लहान मुलांत होतो. घरात कुणाला क्षय झालेला असेल तर न लाजता सांगा. तान्ह्या मुलाचे दोन्ही हात-पाय अचानक सुजून दुखत असतील तर सिकलसेलची, म्हणजे एका आनुवंशिक रक्तविकाराची, तपासणीही होते.

आता काटा. आपल्या जिल्ह्यात बांधांवर, ओढ्याकाठी, मोकळ्या पडीक जागेत वेडी बाभूळ माजलेली आहे आणि पोरं खेळतात तिथेच. काटा रुतला, वरचा भाग मोडून निघाला, जखम भरली, सगळे विसरले. दोन-तीन आठवड्यांनी तळहातात किंवा बोटात टणक, दुखरी गाठ येते, अधूनमधून चिघळते, गोळ्या घेतल्या की बसते, पुन्हा उठते. आत राहिलेल्या टोकाभोवती शरीरानं केलेली ती गाठ असते. यात एक गोष्ट घोटाळा करते: लाकडाचा काटा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून विषय संपवू नका, सोनोग्राफी करून घ्या, त्यात तो बहुधा दिसतो. काटा सांध्याजवळ असेल तर सांधाही सुजतो आणि संधिवाताचे उपचार सुरू होतात. म्हणून तुम्ही स्वतःहून "काटा रुतला होता" हे सांगणं फार मोलाचं.

कोपर हा माझ्या काळजीचा विषय आहे. मूल पडलं, कोपर सुजलं, आणि घरचे हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेले. तिथे तेल, चोळणं, ओढणं, घट्ट पट्टी. काही आठवड्यांनी कोपराच्या पुढे टणक गोळा लागतो आणि हात ना पूर्ण वाकत, ना सरळ होत. दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होतं, त्याला डॉक्टर मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. दुखापतीनंतरच्या मालिशीनं आणि जोरानं वाकवण्यानं ते वाढतं. लागलेल्या कोपराला कुणालाही चोळू देऊ नका, आजोबांचा विश्वास कितीही जुना असो. गोळा आलाच असेल तर मालीश ताबडतोब बंद, मूल स्वतः जेवढा हात हलवेल तेवढाच व्यायाम. शस्त्रक्रियेचा विचार ते हाड पिकल्यानंतरच, म्हणजे अनेक महिन्यांनी.

हाड मोडून जुळतानाही तिथे उंचवटा येतो आणि त्याची भीती नको. तो नव्या हाडाचा भराव असतो आणि मुलांत काही महिन्यांत झिजून सपाट होतो. अवघड बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांच्या बाळाच्या खांद्यापुढच्या आडव्या हाडावर अशी गाठ लागते, तीही बहुधा हीच. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कोपराच्या आतल्या बाजूला, थोडं वर, लागणारा दाणा ही लसीका ग्रंथी असते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तसंच हातावरच्या जखमेमुळे इथे किंवा काखेत येतं. मांजरीच्या ओरबाड्यानंतर ते कित्येक आठवडे टिकू शकतं.

डाव्या दंडावरची बीसीजीची गाठ मात्र प्रत्येक घरात येते. जन्मतःच दिलेल्या लसीच्या जागी दोन-चार आठवड्यांनी पुरळ उठतो, फुटतो, थोडा पू येतो, खपली धरते आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत व्रण राहतो. हा लसीचा नेहमीचा प्रवास आहे. हळद, पावडर, मलम, शेक काही नको. साध्या पाण्यानं आंघोळ पुरते. कधी डाव्या काखेत गाठ येते. ती लहान आणि घट्ट असेल तर डॉक्टर फक्त लक्ष ठेवतात. मऊ पडून पू झाला तर सुईनं काढतात. चीर देऊन उघडलेली अशी गाठ महिनोन्महिने वाहत राहते, म्हणून कुणी चीर द्यायला निघालं तर थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा.

दंडाच्या वरच्या टोकाला किंवा मनगटाजवळ हाडाचाच भाग असल्यासारखा, न हलणारा उंचवटा असेल तर ऑस्टिओकॉन्ड्रोमा असू शकतो. मुलाबरोबर वाढतो आणि वाढ थांबली की थांबतो. असे उंचवटे अनेक ठिकाणी असतील, आणि वडिलांना किंवा आत्यालाही असतील, तर तो घराण्यात येणारा प्रकार. त्यात एका बाजूचं हाड कमी वाढून हात वाकडा होऊ शकतो, म्हणून दरवर्षी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवत राहायचं. वाढीचं वय संपल्यावरही उंचवटा मोठा होऊ लागला तर लगेच. कातडीतच बसलेला, खड्यासारखा कडक, निळसर दाणा पायलोमॅट्रिकोमा असतो. तो निरुपद्रवी, पण आपोआप जात नाही, काढावा लागतो.

जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागलेला आणि भराभर फुगणारा लाल गोळा म्हणजे हेमँजिओमा. पहिले पाचेक महिने तो वाढतो, मग काही वर्षांत ओसरतो. मोठा असेल, फुटत असेल किंवा बोटाच्या हालचालीला अडवत असेल तर प्रोप्रॅनोलॉल हे औषध देतात. २००८ पर्यंत यासाठी मुख्य आधार स्टिरॉइडचा होता, त्या वर्षी या औषधाचा गुण लक्षात आला आणि चित्र पालटलं. औषध दूध पाजताना किंवा पाजल्यावरच द्यायचं. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, कारण रक्तातली साखर उतरू शकते. हात खाली केल्यावर फुगणारी निळसर, मऊ गाठ ही वेगळी. तो रक्तवाहिन्यांच्या घडणीतला जन्मजात दोष, तो ओसरत नाही, आणि त्यात साध्या दवाखान्यात सुई किंवा सुरी घालू देणं धोक्याचं.

तिसरी पायरी: केव्हा धावायचं

त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी: गाठीबरोबर ताप आहे आणि जागा लाल, गरम आहे. बाळ तो हात हलवतच नाही. बोट फुगून वाकलेलं आहे आणि सरळ करायला गेलं की मूल किंचाळतं. दुखापतीनंतर किंवा प्लास्टरच्या आत बोटं थंड, निळी, बधिर पडली आहेत. कंडरेच्या आवरणात पू झाला तर बोट कायमचं आखडू शकतं, सकाळची वाट पाहू नका.

एक-दोन आठवड्यांत तज्ज्ञ आणि तपासणी: गाठ दर पंधरवड्याला मोठी होते आहे. ती कातडीखाली खोल आहे, स्नायूत किंवा हाडाला घट्ट चिकटलेली आहे. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, आणि लहान मुलाच्या बारीक हातावर तर त्याहून कमी आकारालाही हेच लागू. मूल रात्री दुखण्यानं उठतं. आधी काढलेली गाठ त्याच जागी परत आली. सोबत वजन घटतंय, मूल फिकट पडलंय, अंगावर काळे-निळे डाग येतात, मानेत-काखेतही गाठी आहेत. अंगावर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे, पाच मिलिमीटरहून मोठे, सहा किंवा जास्त डाग असतील तर तेही दाखवा. मज्जातंतूंच्या गाठींचा एक आनुवंशिक आजार त्यावरून ओळखतात.

दोन समज इथे मुलांचे महिने खातात. एक, "दुखत नाही ना, मग साधीच असेल." मुलांतला मऊ ऊतींचा कॅन्सर, उदाहरणार्थ रॅब्डोमायोसार्कोमा, पुष्कळदा अजिबात दुखत नाही. न दुखणं हा सुटकेचा दाखला समजू नका, वाढ पाहा. दुसरा, "कबड्डीत लागलं होतं." खेळणाऱ्या मुलाला रोजच लागतं, त्यामुळे प्रत्येक सुजेला एक पडणं सापडतं. माराची सूज दोन-तीन आठवड्यांत उतरणीला लागते. दंडाच्या वरच्या भागात दहा-पंधरा वर्षांच्या मुलाची सूज तशी उतरत नसेल, उलट वाढत असेल, तर एक्स-रे झालाच पाहिजे. हाडांचे कॅन्सर याच वयात येतात.

चौथी पायरी: कुणाकडे, कोणती तपासणी

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून. हाड-सांध्याची गाठ पुढे अस्थिरोगतज्ज्ञांकडे, कातडीची त्वचारोगतज्ज्ञांकडे, बाकी मुलांच्या सर्जनकडे किंवा हाताच्या, प्लास्टिक सर्जरीच्या तज्ज्ञांकडे जाते. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आपण ज्याला सिव्हिल म्हणतो, हे सरकारी ठिकाण आहे. एकाच आवारात वेगवेगळे विभाग असण्याचा फायदा घ्या. विडी वळणाऱ्या किंवा कारखान्यावर जाणाऱ्या घरात दवाखान्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, त्यामुळे फोटो, जुने कागद, लसीकरण कार्ड, रेशन कार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी बरोबर ठेवा. मूल अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत असेल तर २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. तिथे गाठ दाखवली की पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मिळते.

तपासण्यांचा क्रम साधा आहे. हाडाजवळची किंवा कडक गाठ असेल तर एक्स-रे, मऊ असेल तर सोनोग्राफी. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, भूल लागत नाही, आणि आत पाणी, रक्तप्रवाह की भरीव मांस हे कळतं. एमआरआय फक्त खोल, मोठ्या किंवा शंकास्पद गाठीला. लहान मुलाला त्यासाठी औषध देऊन झोपवावं लागतं. साधारण नियम असा की आधी सहा तास जेवण किंवा वरचं दूध नाही, चार तास अंगावरचं दूध नाही, दोन तास पाणी नाही. भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच अंतिम. पोटात अन्न असताना "थोडंसंच बिस्कीट" लपवून दिलं तर जीवावर बेतू शकतं.

शंकास्पद गाठीचा तुकडा काढायचा असेल तर एमआरआय आधी, तुकडा नंतर, आणि तोही जे पुढची मोठी शस्त्रक्रिया करणार त्यांच्याच सल्ल्यानं. हातावर तो छेद हाताच्या लांबीच्या दिशेनं घ्यावा लागतो. आडवा छेद किंवा "चरबीची गाठ आहे" म्हणून अर्धवट काढलेली कॅन्सरची गाठ पुढचा हात वाचवणं अवघड करते. म्हणून खोल आणि वाढती गाठ भूल टोचून टेबलावर कापू देऊ नका, कुणी कितीही सोपं सांगितलं तरी.

कॅन्सरची शंका पक्की वाटली तर बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि मुलांच्या सार्कोमासाठी, म्हणजे हाड-मांसाच्या कॅन्सरसाठी, मुंबईचं टाटा मेमोरियल. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुलांतले यातले बरेच कॅन्सर औषधांना चांगला प्रतिसाद देतात. निदानाच्या धक्क्यात एक-दोन महिने देवदेव करण्यात घालवू नका, नवस चालू ठेवून गाडीत बसा.

पाचवी पायरी: थांबायचं ठरलं तर नीट थांबा, काढायची ठरली तर नीट काढा

"वाट पाहू" म्हणजे विसरू असा अर्थ नाही. महिन्यातून एकदा, तीच पट्टी, तीच जागा, तसाच उजेड, फोटो काढायचा. रोज मोजू नका. आकार वाढला, दुखणं सुरू झालं, बोटाची पकड बदलली किंवा मूल तो हात टाळून दुसऱ्या हातानं लिहू लागलं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जा. डाग देणं, बिब्बा, शेराचा चीक यातलं काहीही या काळात लावू नका. त्यानं कातडी भाजते आणि खरं निदान झाकलं जातं.

शस्त्रक्रिया ठरली तर आधी तीन प्रश्न विचारा: न काढल्यास काय होईल, परत येण्याची शक्यता किती, आणि हाताच्या हालचालीवर परिणाम होईल का. भरती व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे दाखल होण्यापूर्वीच ठरतं. नंतर कागद जुळवणं जड जातं.

आणि काढलेली गाठ, कितीही साधी वाटली तरी, तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. टाके काढायला जाल तेव्हा त्या तपासणीचा अहवाल मागून घ्या, डॉक्टरांकडून समजून घ्या आणि लसीकरण कार्डाच्या फाईलमध्ये ठेवा. त्याच जागी पुन्हा काही हाताला लागलं तर पहिल्यांदा तो कागद दाखवायचा आहे.